सीएनसी कंट्रोलची मेमरी वाढवायची असेल तर: मकरपुऱ्यातल्या छोट्या शॉपवाल्यांसाठी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आता गल्लीगल्लीत एखादं सेकंडहँड व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) दिसतं, कुणाचं जपानी कुणाचं तैवानचं, कंट्रोल म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर बहुतेक फॅनक कंपनीचा, आणि शेठ लोकांची तक्रार एकच की मशीन तर चांगलं आहे पण काम निघत नाही. मग कोणीतरी सांगतं, मेमरी वाढवून घ्या. ते बरोबर पण असतं, कधीकधी. मेमरी वाढली म्हणून मशीन जोरात पळायला लागतं असं काही नाहीये, मेमरीने फक्त थांबणं कमी होतं, आणि हे थांबणं दोन तऱ्हेचं असतं, एकतर कटर डेटाची वाट बघत थांबतो नाहीतर अख्खं मशीन ऑपरेटरची वाट बघत थांबतं. तुमच्याकडे यातलं कुठलं चाललंय ते आधी शोधा, पैसे नंतर काढा. पोर, मंजुसर, वाघोडिया या आसपासच्या वसाहतींत पण हीच गोष्ट आहे, मी मकरपुरा म्हणतोय कारण रोजचं जाणंयेणं तिथलं.

पहिलं काम, किती मेमरी आहे ते बघणं

फॅनकवर प्रोग्रामचं बटण दाबून डिरेक्टरीचं पान काढा. तिथे दोन आकडे असतात, एक प्रोग्रामची संख्या किती वापरली किती बाकी, आणि दुसरा मेमरी किती वापरली किती बाकी. बहुतेक लोक दुसराच बघतात. पण संख्येला पण मर्यादा असते, कंट्रोल आणि ऑप्शन (पैसे भरून घेतलेली जादा सोय) प्रमाणे ६३, १२५, २००, ४०० अशी, आणि ती भरली की मेमरी अर्धी रिकामी असली तरी नवीन प्रोग्राम आत जात नाही. अलार्म नीट वाचा म्हणजे कळेल, ०७० म्हणजे जागा संपली, ०७२ म्हणजे संख्या संपली. ०७२ येत असेल तर चाळीस फालतू प्रोग्राम उडवले तरी काम होतं, त्यासाठी कोटेशन मागवायची गरज नाही.

पान बघताना किंवा मशीनच्या कागदात मेमरी मीटरमध्ये लिहिलेली दिसली तर गोंधळू नका. प्रोग्राम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर, म्हणजे पंच टेपवर असायचे, त्या जमान्याचा हिशोब आहे तो. कागदी टेपवर एका इंचात १० अक्षरं बसायची म्हणजे एका मीटरला ३९४ च्या आसपास, त्यामुळे ८० मीटर म्हणजे ३२ केबी, ६४० मीटर म्हणजे २५६ केबी, १२८० मीटर म्हणजे ५१२ केबी. हो, केबी. आज व्हॉट्सॲपवर आलेला एक गुड मॉर्निंगचा फोटो पण यात मावणार नाही कदाचित. वडोदऱ्याच्या कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या जुन्या पिढीने टेप हातात धरून काम केलंय, त्यांना हे सांगावं लागत नाही.

सेकंडहँड मशीन घ्यायला निघाला असाल तर हे पान बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. दलाल स्पिंडल फिरवून दाखवेल, एटीसी (टूल आपोआप बदलणारा भाग) फिरवून दाखवेल, मेमरीचं पान कोणी आपणहून दाखवत नाही.

डाय-मोल्डवाले असाल तर

तुमचा प्रॉब्लेम बहुतेक डेटाचा आहे. एक हिशोब करून बघू. समजा २०० बाय १५० मिमीचा एक कोअर (मोल्डचा आतला भाग) आहे, बॉल नोजने म्हणजे गोल टोकाच्या कटरने फिनिशिंग करायचंय, स्टेपओव्हर म्हणजे शेजारच्या दोन पासमधलं अंतर ०.३ मिमी. म्हणजे १५० मध्ये ५०० पास, प्रत्येक पास २०० मिमी, एकूण कटर चालणार १०० मीटर. कॅमने (प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) दर ०.२ मिमीला एक पॉइंट टाकला तर ५ लाख ओळी झाल्या, एका ओळीत एक्स वाय झेड धरून साधारण २४ अक्षरं, म्हणजे फाइल १२ एमबीच्या घरात. आणि तुमच्या कंट्रोलमध्ये जागा किती तर २५६ केबी. मावणारच नाही, मग काय करतात लोक, कॉम्प्युटरवरून आरएस-२३२ ची केबल लावून सलाइन लावल्यासारखं थेंब थेंब प्रोग्राम सोडतात, त्याला ड्रिप फीड किंवा नुसतं डीएनसी म्हणायचं.

आता गंमत बघा. ९६०० बॉड रेटवर, म्हणजे केबलमधून सेकंदाला ९६०० बिट जातात तेव्हा, एका अक्षराला स्टार्ट, पॅरिटी, स्टॉप सगळं धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे ४० ओळी. एक ओळ ०.२ मिमीची, तर सेकंदाला ८ मिमी, मिनिटाला ४८०. प्रोग्राममध्ये तुम्ही फीड (कटर पुढे सरकायचा वेग, मिनिटाला मिमीमध्ये) २००० लिहिलाय, तो कमीजास्त करायचा ओव्हरराइडचा नॉब १०० टक्क्यांवर आहे, पण कटर ४८० च्या वर जाऊच शकत नाही कारण केबलमधून तेवढंच येतंय. २००० च्या फीडने ते फिनिशिंग ५० मिनिटांत संपलं असतं, ४८० ने साडेतीन तास लागतात. स्पिंडल तोच, कटर तोच, लाइटबिल मात्र साडेतीन तासांचं. आणि वरून कटर जागच्या जागी घासत राहतो, सरफेसवर बारीक डाग पडतात, मग पॉलिशवाला शिव्या घालतो.

हे तुमच्याकडे होतंय की नाही ते बघायला कुठलं मीटर लागत नाही. पोझिशनच्या पानावर प्रत्यक्ष चालणारा फीड दिसतो, तो प्रोग्रामच्या फीडशी ताडून बघा, लांब सरळ पासमध्ये फीड बरोबर आणि वळणावळणाच्या भागात एकदम पडतो, मशीन अडखळत चालल्याचा आवाज येतो, तर डेटा कमी पडतोय असं धरून चाला. मग बॉड रेट वाढवून बघा, १९२०० केला तर फीड दुप्पट व्हायला पाहिजे. झाला तर रोग नक्की झाला, अडचण केबलची. नाही झाला तर अडचण कंट्रोलच्या स्वतःच्या स्पीडची आहे, आणि तिथे कितीही मेमरी घातलीत तरी काही फरक पडणार नाही. हा मुद्दा कोटेशन देणारे सांगत नाहीत म्हणून जरा खुलासा करतो. कंट्रोलला एक ओळ वाचून, हिशोब करून, सर्व्होला (अक्ष हलवणाऱ्या मोटरला) द्यायला थोडा वेळ लागतो, समजा तो ८ मिलिसेकंद आहे, तर सेकंदाला १२५ ओळी, ०.२ मिमीच्या हिशोबाने १५०० चा फीड, बस, त्याच्या वर नाही, प्रोग्राम आत असू दे नाहीतर बाहेर. ८ हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय, तुमच्या कंट्रोलचा खरा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिसवाल्याकडून घ्या. नवीन कंट्रोलवर पुढच्या ओळी आधीच वाचून ठेवायचं फंक्शन असतं, फॅनकवर जी०५.१ क्यू१ ने चालू होतं, ते आहे का आणि प्रोग्राममध्ये टाकलंय का ते पण बघून घ्या, बऱ्याच जणांकडे असतं आणि पोस्ट प्रोसेसरमध्ये (कॅममधलं काम कंट्रोलच्या भाषेत उतरवणारा भाग) कोणी टाकलेलंच नसतं.

आधी प्रोग्राम बारीक करा

हे फुकट आहे म्हणून मेमरीच्या आधी. सगळ्यात मोठी चरबी कॅमच्या टॉलरन्समध्ये, म्हणजे खऱ्या आकारापासून किती मिमी फरक चालेल त्या आकड्यात असते. रफिंगला आणि फिनिशिंगला एकच टॉलरन्स ठेवून पोस्ट केलेले प्रोग्राम मी इतके बघितलेत की विचारू नका. गोलाईवर दोन पॉइंटमधलं अंतर टॉलरन्सच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं, म्हणजे २० मिमी रेडियसवर ०.०१ टॉलरन्सला पॉइंट साधारण १.२६ मिमीवर पडतो, ०.००१ ला ०.४ वर. टॉलरन्स दहापट बारीक केला की प्रोग्राम तिपटीहून मोठा. आता रफिंगमध्ये तुम्ही ०.३ किंवा ०.५ मटेरियल सोडणारच आहात तर तिथे ०.००१ कशाला हवा, ०.०५ चालतो, पॉइंट जवळजवळ २.८ मिमीवर जातात, फाइल पण लहान आणि मशीन पण मोकळं पळतं.

दुसरं, कॅममध्ये आर्क फिटिंग असतं, छोट्या छोट्या सरळ तुकड्यांच्या जागी जी०२ जी०३ म्हणजे गोलाईची एकच ओळ टाकतं, वॉटरलाइन टाइपच्या (एकाच उंचीवर फिरणाऱ्या) पासमध्ये खूप फरक पडतो. तिसरं, ओळींचे नंबर. प्रत्येक ओळीला एन१२३४५० लागलेला असतो आणि मधे मोकळ्या जागा, २४ अक्षरांच्या ओळीत सात-आठ अक्षरं हीच जातात, पोस्टमध्ये बंद करा, फक्त टूल बदलतो तिथे नंबर ठेवा म्हणजे शोधायला बरं. ड्रिलिंग सुटं सुटं लिहिलेलं असेल तर जी८१ जी८३ ही तयार ड्रिलिंग सायकल वापरा, तोच खिसा (पॉकेट) आठ ठिकाणी असेल तर सबप्रोग्राम करून एम९८ ने बोलवा. हे सगळं करून पण प्रोग्राम मावत नसेल तरच पुढचं वाचा.

जॉबवर्कवाले असाल तर गोष्ट वेगळी आहे

फ्लँज, व्हॉल्व्ह बॉडी, पंपाचे पार्ट, मोटरची एंड शील्ड, असले प्रोग्राम दोन-पाच केबीचे असतात. इथे कटर डेटासाठी थांबत नाही, इथे मशीन थांबतं ते सेटिंगला. पार्टी तीच, जॉब तोच दर महिन्याला येतो, पण मेमरी भरते म्हणून मागच्या वेळी प्रोग्राम उडवला, आता ऑपरेटर प्रोग्रामरला शोधतोय, प्रोग्रामर बँकेत गेलाय, पेनड्राइव्हमध्ये एकाच नावाच्या तीन फाइली आहेत फायनल, फायनल नवीन, आणि फायनल खरी. समजा दिवसाला ४ सेटिंग आणि प्रत्येक वेळी प्रोग्राम शोधणं-चढवणं-तपासणं यात १२ मिनिटं गेली तर रोजची ४८ मिनिटं, ५०० रुपये तासाने ४०० रुपये रोज, २५ दिवसांचे १०,००० महिन्याला. हा तुमचा आकडा नाही, तुमचा तुम्ही काढा, एक आठवडा मशीनला वही लटकवा आणि स्पिंडल का थांबला ते ऑपरेटरला लिहायला सांगा. आधी सांगा की पगाराशी संबंध नाही, नाहीतर सगळीकडे लाइट गेली असंच लिहिलेलं सापडेल.

अशा शॉपमध्ये कंट्रोलच्या आतली मेमरी वाढवणं खरंच वसूल होतं, कारण रिपीट होणारे सगळे जॉब आत राहतात, ऑपरेटर नंबर बोलावतो आणि सुरू. आणखी एक फायदा जो लोक धरत नाहीत, प्रोग्राम आत असला की मशीनवरच एडिट होतं, मधूनच टूल तुटला तर ओळ शोधून तिथून परत सुरू करता येतं, मॅक्रो मधले गोटू आणि व्हाइल, म्हणजे मागेपुढे उडी मारणाऱ्या आणि परत परत फिरणाऱ्या ओळी चालतात. केबलवरून सोडलेल्या प्रोग्रामात मागे उडी मारता येत नाही कारण मागचं सगळं वाहून गेलेलं असतं. प्रोबिंगचे (मशीनवरच जॉब मोजायचे) मॅक्रो, ठरलेल्या पार्टीचे पॅरामेट्रिक (माप बदललं की चालणारे) प्रोग्राम, हे सगळं आतल्या मेमरीतच शोभतं. आणि माणूस मोकळा होतो, केबलवर चाललेलं फिनिशिंग सोडून कोणी सेव-उसळ खायला जात नाही, प्रोग्राम आत असला की एक माणूस दोन मशीनं बघतो.

आता पर्याय, स्वस्तापासून

मेमरी कार्ड सगळ्यात सोपं. फॅनक ०आय सिरीजवर स्क्रीनच्या बाजूला पीसीएमसीआयएचा खाचा असतो, त्यात ॲडॅप्टर घालून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसतं. कार्ड २ जीबी किंवा त्याहून लहान घ्या, फॅट१६ ने फॉरमॅट केलेलं, ३२ जीबीचं आणून कार्ड वाचतच नाही म्हणून कंट्रोलला दोष देऊ नका. पॅरामीटर २० मध्ये ४ टाकला की कंट्रोल कार्डकडे बघायला लागतं, आणि कार्डवरून थेट चालवायचं असेल तर १३८ चा बिट नंबर ७ (मोजणी शून्यापासून) १ करावा लागतो. मग तो १२ एमबीचा प्रोग्राम कार्डवरून केबलपेक्षा कितीतरी जोरात सुटतो. आत एक छोटा मेन प्रोग्राम ठेवून एम१९८ ने कार्डवरचा मोठा प्रोग्राम सबप्रोग्रामसारखा बोलावता येतो, टूल बदल आणि ऑफसेट आतल्या प्रोग्रामात, जड डेटा कार्डवर, मला हीच पद्धत सगळ्यात आवडते. पॅरामीटर बदलायच्या आधी तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल उघडा, जुन्या आणि नव्या सिरीजमध्ये फरक असतो. कार्ड घालताना हळू, खाचाच्या पिना बारीक असतात, एकदा वाकल्या की कार्ड ५०० चं आणि दुरुस्ती त्याच्या कितीतरी पट.

मोठ्या मोल्डचं काम रोजचं असेल तर डेटा सर्व्हर बघा, इथरनेटवरून प्रोग्राम मशीनच्या कार्डवर उतरतो आणि मशीन तिथून चालवतं, नेटवर्क तुटलं तरी जॉब तुटत नाही.

सीमेन्स असेल तर एक्स्टकॉल ने बाहेरचा प्रोग्राम बोलावता येतो, नव्या कंट्रोलवर ईईएस नावाचा ऑप्शन आहे ज्यात बाहेरच्या स्टोरेजवरचा प्रोग्राम आतलाच असल्यासारखा चालतो. हायडनहाइनवाल्यांना तर बहुतेक डिस्कच असते, त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

आणि शेवटी खरी मेमरी, म्हणजे बोर्ड किंवा ऑप्शन. हे मशीन बनवणाऱ्याकडून किंवा कंट्रोल कंपनीच्या सर्व्हिसकडूनच घ्या. कोणीतरी येऊन म्हणेल की आतला ऑप्शन पॅरामीटर उघडून देतो, अर्ध्या पैशात, पावती नाही. करू नका. उद्या मशीन बंद पडलं की तो माणूस फोन उचलणार नाही आणि खरा सर्व्हिसवाला हात लावणार नाही. कोटेशन मागताना चार गोष्टी लिहून घ्या: किती केबी होणार, प्रोग्रामची संख्या पण वाढणार का, जुना डेटा परत चढवून मशीन चालू करून देणार का, आणि मशीन किती तास बंद राहणार.

बॅकअपशिवाय कोणाला पॅनल उघडू देऊ नका

मेमरी बदलताना बऱ्याचदा आतलं सगळं साफ होतं. त्यामुळे आधी पॅरामीटर, लॅडर (मशीनचं अंतर्गत लॉजिक), टूल ऑफसेट, वर्क ऑफसेट, मॅक्रो व्हेरिएबल, पिच एरर कॉम्पेन्सेशन (बॉलस्क्रूच्या चुकीची भरपाई), आणि सगळे प्रोग्राम, ९००० नंबरचे धरून, सुटे सुटे टेक्स्ट फाइलमध्ये काढा. ०आय वर कंट्रोल चालू करताना उजवीकडच्या शेवटच्या दोन सॉफ्ट की दाबून धरल्या की बूटचं पान येतं, तिथून अख्ख्या एसरॅमचा (बॅटरीवर टिकणाऱ्या आतल्या मेमरीचा) पण बॅकअप निघतो, तो घ्याच, पण फक्त त्याच्यावर बसू नका, मेमरीचा साइज बदलला की ती फाइल जशीच्या तशी चढेल असं नाही, तेव्हा टेक्स्टवालीच कामाला येते. पिच एररचा डेटा गेला तर लेझर लावून परत काढावा लागतो आणि त्याचं बिल मेमरीच्या बिलाला मागे टाकेल.

केबल अजून वापरत असाल तर चालू मशीनला खोचू नका, दोन्हीकडचं बंद करून लावा, अर्थिंग वेगवेगळं असलं की पोर्ट जळतं आणि मग मदरबोर्डवाल्याची वारी.

मेमरी वाढल्यावर नवीन डोकेदुखी

जागा भरपूर झाली की कोणी काही उडवत नाही आणि मग आत पाच वर्षांपूर्वीचं रिव्हिजन पडून राहतं, ऑपरेटर तेच चालवतो, ड्रॉइंगमध्ये होल ४ मिमी सरकलेलं असतं. म्हणून पहिल्या दिवशीच नंबर वाटून घ्या, अमुक पार्टीला १००० ते १९९९, दुसरीला २०००, असं, आणि प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत कंसात ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन आणि तारीख. मशीनवर फीड-स्पीड सुधारला असेल तर तो सुधारलेला प्रोग्राम शिफ्ट संपताना बाहेर काढायचा, नाहीतर ऑफिसातला वेगळा आणि मशीनवरचा वेगळा. फायनल झालेले ८००० आणि ९००० च्या नंबरात टाकून लॉक करता येतात, पॅरामीटर ३२०२ च्या शून्याव्या बिटने ८००० चे आणि चौथ्या बिटने ९००० चे एडिट बंद होतात. आणि नवीन पोराला पहिल्याच दिवशी सांगा की ओ-९९९९ टाइप करून डिलीट दाबलं तर सगळे प्रोग्राम उडतात, त्याला वाटतं एकच ९९९९ नंबरचा जाईल.

राहिली बॅटरी. फॅनकची आतली प्रोग्राम मेमरी बॅटरीवर जिवंत असते, ०आय वर ३ व्होल्टची लिथियम, जुन्या ० सिरीजवर साधे मोठे सेल. स्क्रीनवर बॅट असं चमकायला लागलं की आठवड्याभरात बदला, कंट्रोल चालू ठेवून आणि इमर्जन्सी दाबून, बंद करून काढलीत तर जेवढं काही आत भरलं तेवढं जाण्याची शक्यता. ड्राइव्हवरची एन्कोडरची (अक्ष कुठे आहे ते सांगणाऱ्या भागाची) बॅटरी वेगळी असते, ती गेली तर प्रोग्राम राहतात पण होम पोझिशन जाते. आपल्याकडे दिवाळीला बंद झालेलं शटर लाभपाचमला (कार्तिक शुद्ध पंचमीला) उघडतं, तेवढे दिवस मशीनला पॉवर नाही, आणि अर्धमेली बॅटरी नेमकी त्याच दिवसांत जीव सोडते. म्हणून धनतेरसच्या आधी बॅटरी तपासा आणि पूर्ण बॅकअप काढा, दोन कॉपी करा. एक शॉपच्या कॉम्प्युटरवर आणि दुसरी घरी वरच्या मजल्यावर, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी जिथे जिथे शिरलं तिथे तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. कॉपीवर मशीनचा सिरियल नंबर आणि तारीख लिहा, आणि एकदा त्यातला एखादा प्रोग्राम खरंच परत चढवून, मूळ प्रोग्रामशी ओळीने ओळ ताडून बघा.